धरणारा हात आणि सोडणारा हात

मुलांना सायकलीवरून सहलीस न्यावे की न न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता धर्मचर्चेचा वाटत नाही. तो घरगुती सोयीचा, फार तर आरोग्याचा प्रश्न आहे, असेच कोणीही म्हणेल. परंतु थोडे खोल पाहिले असता पालकधर्माचा एक जुना आणि अवघड पेच त्यात दडलेला आढळतो. अपत्याचे रक्षण करणे हे मातापित्यांचे कर्तव्य होय. आणि अपत्यास स्वतःच्या पायांवर उभे करणे हेही त्यांचेच कर्तव्य होय. एरवी ही दोन कर्तव्ये हातात हात घालून चालतात. दुचाकीपाशी मात्र ती समोरासमोर येतात. जो हात मागून बैठक घट्ट धरून ठेवतो, त्याच्यामुळे मूल पडत नाही, पण शिकतही नाही. जो हात सुटतो, त्याच्यामुळे मूल शिकते आणि त्याचा गुडघाही फुटतो. यांतील कोणता हात प्रेमाचा?

हा विचार मोघम करण्यापेक्षा एखादी भूमी डोळ्यांसमोर ठेवून करावा हे बरे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात उकवा नावाचे मँगनीजच्या खाणीचे गाव आहे. बालाघाटाहून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपाऱ्यावरून पुढे घाट चढतो आणि रानातून वर येतो. त्याच वाटेवर हे गाव लागते. हा प्रदेश मराठी माणसास परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात नांदत होते व त्यांची राजधानी नागपूर होती. येथील खाणी चालविणारी कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय आजही नागपुरातच आहे. अशा गावी हिवाळ्यातील एखाद्या सकाळी एक कुटुंब दोन मुलांसह सायकली घेऊन बाहेर पडले, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक मोठ्या रस्त्याची, घाटाची, वळणांची, ट्रकांची. दुसरी शेतांच्या कडेने वाड्यावस्त्यांकडे जाणारी, जिच्यावर गुरे आणि माणसे यांच्याखेरीज सहसा कोणी भेटत नाही. आमचा सारा प्रश्न या दोन वाटांच्या मधोमध उभा आहे.

आपल्या परंपरेत मातेच्या पालनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पक्षीण आपल्या पिलांना स्पर्शाने वाढविते, मासोळी दृष्टीने वाढविते आणि कासवी केवळ ध्यानाने वाढविते. मराठी संतांनी कासवीच्या पदरी दृष्टी घातली, हा भेद आहेच. परंतु स्पर्श, दृष्टी आणि ध्यान ही त्रयी सर्वांस मान्य आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे दाखले खरे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ते सांगणाऱ्यांस प्राणिशास्त्र शिकवावयाचे नव्हते. प्रेमास अंतर सोसता येते, हे सांगावयाचे होते. मुलास सायकल शिकविणाऱ्या बापास ही त्रयी नेमकी याच क्रमाने पार करावी लागते.

प्रथम स्पर्श. सायकल तोल कसा सांभाळते याचे मर्म असे की, ज्या बाजूस आपण कलंडतो त्याच बाजूस हँडल किंचित वळवावे लागते. म्हणजे चाके पुन्हा आपल्या भाराखाली येतात. भीती नेमके याच्या उलट करावयास सांगते. हे मर्म शब्दांनी शिकविता येत नाही. शरीरालाच ते सापडावे लागते. म्हणून ज्या मुलास कोणी सतत सरळ धरून ठेवतो, किंवा ज्याच्या मागच्या चाकास दोन्ही बाजूंनी छोटी चाके लावून ठेवतात, त्याला कलंडण्याची संधीच मिळत नाही आणि सावरण्याची विद्याही मिळत नाही. त्यापेक्षा काही दिवस पायटे काढून ठेवावेत, बैठक इतकी खाली करावी की दोन्ही पाय जमिनीस टेकतील, आणि मुलास पायांनी ढकलत, घसरत चालू द्यावे. तोल आधी येतो. पायटे मागाहून येतात. स्पर्शाचे काम येथे आधार देण्याचे आहे, भार वाहण्याचे नाही.

याच पायरीवर एक बारीकसा नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुतेक घरांतून हसण्यावारी नेला जातो. मागून पळणारा बाप म्हणतो, ‘धरलंय, धरलंय’. आणि प्रत्यक्षात त्याने हात केव्हाच सोडलेला असतो. मूल शिकले की सगळे हसतात व ते असत्य विसरून जातात. हे असत्य क्षम्य आहे काय? त्याच्या बाजूने असे म्हणता येईल की हेतू शुद्ध आहे, फळ चांगले आहे, आणि भीतीच्या गाठी कधीकधी युक्तीनेच सोडवाव्या लागतात. हे सर्व मान्य करूनही आमचे मत त्याच्या विरुद्ध पडते. मुलापाशी त्या क्षणी शक्ती नसते, अनुभव नसतो. असतो तो एकच ठेवा, मागच्या माणसाच्या शब्दावरील विश्वास. तो खर्च करून तोल विकत घेणे हा महाग सौदा आहे. शिवाय जे मूल फसवून शिकते, त्याला आपण शिकलो हे कळते, पण आपण धैर्य केले हे कळत नाही. त्यापेक्षा ‘आता सोडतो बरं का’ असे सांगून सोडावे. कदाचित ते दोन दिवस उशिरा शिकेल. पण ज्या दिवशी शिकेल, त्या दिवशीचे धैर्य त्याचे स्वतःचे असेल, आणि पुढे आयुष्यात मोठ्या वळणावर वडील ‘मी आहे’ म्हणाले, तर ते खरे मानील.

दुसरी पायरी दृष्टीची. ही सहलीची पायरी होय. आता मूल आपल्या चाकांवर चालले आहे आणि आपण हाताच्या टप्प्याबाहेर आहो. सहलीचे नियम थोडे आहेत. एक मोठा माणूस पुढे, एक सर्वांच्या मागे. मुले मध्ये, एकामागून एक. चाल ठरवावी ती सर्वांत लहानाने. निघण्यापूर्वी ब्रेक आणि हवा पाहावी, डोक्यावर शिरस्त्राण असावे, पाणी पुरेसे असावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलास पाच-सहा किलोमीटर पुष्कळ झाले. उन्हे चढण्यापूर्वी परतावे, आणि उकव्यासारख्या रानाच्या मुलुखात तर तिन्हीसांजेस बाहेर राहूच नये. घाटाच्या रस्त्यावर मुलांस घालू नये, हे आम्ही निःशंकपणे सांगतो. धैर्य शिकविणे निराळे आणि दुसऱ्याच्या ब्रेकवर आपले मूल सोपविणे निराळे. मुलाच्या चुकीची शिक्षा गुडघ्याच्या खरचटण्याएवढी असेल, तेथे त्याला चुकू द्यावे. जेथे ती प्राणाएवढी असेल, तेथे सोडणारा हात प्रेमाचा नव्हे, तो आळसाचा किंवा दिमाखाचा होय. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथपर्यंत तरी एवढे स्पष्ट आहे.

सर्वांत लहानाने चाल ठरवावी, हा नियम वाचण्यास सोपा आणि पाळण्यास कठीण. आमच्या देवळांतील पालखी मात्र तो पिढ्यान्पिढ्या पाळीत आली आहे. पालखीपुढे धावत सुटणाऱ्यास कोणी भक्त म्हणत नाही. फोंडे महालातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. मंगेशीहून म्हार्दोळ, पुढे नागेशी, रामनाथी, कवळे ही स्थळे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की आतल्या शांत वाटा शोधून एखादे कुटुंब मुलांसह एकेका रविवारी त्यांतील एकेक टप्पा सायकलीवरून करू शकेल. फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन तेथील वाटांवर मुलांस चाके फिरवू देणे, हेही गोव्यातील कुटुंबांस सहजसाध्य आहे. देवदर्शनाचे पुण्य किती ते शास्त्रज्ञांनी सांगावे. पण दुबळ्याच्या चालीने चालण्याचा अभ्यास ही काही लहान साधना नव्हे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. बापाने कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिले, तरी भरधाव वाहनापुढे त्याची दृष्टी काय करणार? म्हणजे पालकाचा धर्म एकट्याने पुरा होत नाही. याचा दाखला नेदरलंड देशात सापडतो. आज तो सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण तो प्रथमपासून असा सुरक्षित नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबापांनी चळवळ उभारली आणि तिचे नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असे ठेवले. आज ज्या निराळ्या सायकलवाटांचे सर्वत्र कौतुक होते, त्यांच्यामागे या चळवळीचा मोठा रेटा आहे. या पालकांनी आपापली मुले घरात कोंडली नाहीत, ‘रस्ता कोणाचा?’ असे त्यांनी राज्यास विचारले. आईची दृष्टी जेथे पोहोचत नाही तेथे समाजाची दृष्टी पोहोचली पाहिजे, हाच त्याचा अर्थ. सायकलीच्या हवा भरलेल्या टायरचा इतिहासही असाच बोलका आहे. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी १८८७ मध्ये तो प्रयोग केला, तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून. एका मुलासाठी केलेली सोय साऱ्या जगाच्या उपयोगी पडली.

दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे. उकव्यासारख्या गावी सहलीची सायकल ही चैन नव्हे काय? ज्या वाटेवर एका घरची मुले मौजेने चाके फिरवितात, त्याच वाटेवर दुसऱ्या घरची मुलगी शाळा गाठण्यासाठी रोज पायटे मारते आणि एखादा मजूर कामाची वेळ गाठतो. तिच्या सायकलीचे मोल मौजेच्या मापाने मोजता येत नाही. बिहार राज्याने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींस सायकली देण्याची योजना काढली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. आणि ही वाढ मुख्यतः शाळा दूर असलेल्या गावांत झाली. मध्य प्रदेशातही शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागणाऱ्या मुलांस शासनाकडून सायकली मिळत आल्या आहेत. या मुलीच्या मागे सायकल धरून पळणारा कोणी असेलच असे नाही.

मग सहल सोडून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. आनंद सोडल्याने कोणाचे दुःख हलके होत नाही. परंतु आनंदाबरोबर ऋण येते, ते ओळखावे. पोलाद चिवट होण्यासाठी त्यात मँगनीज लागते. तेव्हा आपल्या मुलाच्या सायकलीच्या सांगाड्यात अशाच एखाद्या डोंगराचा कण आणि भूमीखाली उतरणाऱ्या एखाद्या माणसाचा घाम मिसळलेला आहे, हे मुलास सहलीत सांगावे. वाटेत भारा लादलेली सायकल हाताने ढकलीत नेणारा माणूस भेटला, तर उतरून त्यास वाट द्यावी. आणि आपल्या रविवारच्या फेरीसाठी सुरक्षित वाट मागावयाची असेल, तर ती शाळेच्या दारावरून जाणारी मागावी; म्हणजे आपल्या एका सकाळच्या मागणीत त्या मुलीचे वर्षभराचे दिवस सामावतील. जी मागणी केवळ आपल्या मुलापुरती असते ती माया. जी दुसऱ्याच्या मुलासही पुरते ती धर्म होय.

उरली तिसरी पायरी, ध्यानाची. एके दिवशी मूल म्हणते, ‘मी एकटाच जाऊन येतो.’ त्या दिवशी स्पर्शही उपयोगी नाही आणि दृष्टीही नाही. तोवर जे दिले असेल तेवढेच त्याच्याबरोबर जाते: तोल सावरण्याची विद्या, दुबळ्याच्या चालीने चालण्याची सवय, आणि घरच्या माणसाचा शब्द खरा असतो हा भरवसा. कोणत्या वयास आणि कोणत्या वाटेवर त्यास होकार द्यावा, हे प्रत्येक घराने आपल्या गावचा रस्ता पाहून ठरवावे. होकार दिल्यावर मात्र दारात उभे राहून काळजी करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कासवी तेच करते, असे आपले पूर्वज सांगत आले आहेत. आणि तिची पिले समुद्रात पोहावयास शिकतात.