हाकेला ओ कोण देणार?

आजचे वाचन: निर्गम ३:१-१२, ४:१०-१६

प्राचीन मिसरातल्या श्रीमंतांच्या कबरींत एक नवलाची वस्तू सापडते: हात छातीवर घेतलेल्या छोट्या बाहुल्या. त्यांना ‘उशब्ती’ म्हणत, म्हणजे ओ देणारा. मरणानंतरच्या देशातही शेत कसायचं, पाणी द्यायचं, वाळू वाहायची हे काम चुकत नाही, असं मिसरी लोक मानत. पण सरदार, पुरोहित, मोठे अधिकारी यांनी हयातीत ही कामं दुसऱ्यांकडूनच करून घेतलेली. मग मेल्यावर कोण करणार? म्हणून बाहुलीवर मंत्र लिहायचा, की धन्याला कामाची हाक आली तर तू ओ दे. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेन राजाच्या कबरीत अशा ४१३ बाहुल्या होत्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक मजूर असे ३६५, आणि बाकीचे ४८ त्यांच्यावरचे मुकादम!

हसू येतं ना? पण थोडं थांबा. मोशे याच वरच्या वर्गात, फारोच्या मुलीच्या घरी वाढला. जळत्या झुडपातून देवाने हाक मारली तेव्हा त्याने स्वतः ओ दिली. पण काम काय आहे ते कळल्यावर सबबी सुरू झाल्या, आणि शेवटी तो म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. राजवाडा कधीच सुटला होता, पण आपल्या जागी दुसऱ्याने जावं ही इच्छा सुटली नव्हती. देव रागावला, तरी त्याने अहरोन दिला. पण तो सोबतीला दिला, बदली म्हणून नाही. जायचं मोशेलाच होतं.

मध्यंतरी आमच्या मंडळीतल्या एक आजी आजारी होत्या. मी फळं घेतली, रिक्षाचे पैसे दिले आणि एका मुलाला पाठवलं. आजींनी त्याला एवढंच विचारलं, “ताई नाही आल्या?”

मदतीला माणूस घेणं चूक नाही. त्याला पूर्ण मोबदला आणि मान दिला म्हणजे झालं. पण काही कामं पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवता येत नाहीत. क्षमा मागायला आपणच जावं लागतं. दुखणेकऱ्याच्या उशाशी आपणच बसावं लागतं. आज अशी कोणती हाक तुम्ही दुसऱ्याकडे ढकलली आहे?

प्रार्थना: हे प्रभू, तू माझं नाव घेऊन हाक मारतोस. मलाच ओ देऊ दे. आमेन.