कालाची गती आणि मनाची गती

‘जग फार वेगाने बदलू लागले आहे’ असे उद्गार आज लहानथोरांच्या मुखी ऐकू येतात. महाकालाच्या नगरीत राहणाऱ्यांनी तरी ते विचार केल्यावाचून मान्य करू नयेत.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे उभारलेल्या वेधशाळेत सम्राट यंत्राची छाया आजही पूर्वीच्याच गतीने सरकते. बदलतात ती साधने, आणि तीही सारख्या वेगाने नव्हे. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली, तोवर आपल्याकडे बैल आणि घोडा हीच भूमार्गावरील वेगाची सीमा होती. पुढे शंभर वर्षांच्या आत मनुष्य विमानाने प्रवास करू लागला. परंतु ध्वनीहून शीघ्र जाणारे काँकॉर्ड विमान 2003 साली बंद झाले, आणि आजचा विमानप्रवासी साठ वर्षांपूर्वीच्या प्रवाशाहून जलद जात नाही. निरोपाची गती मात्र वाढतच गेली. 1995 साली भारतात आलेला मोबाईल पाव शतकात खेड्यापाड्यांत पोहोचला.

आता दुसरी बाजू पाहू. चौदाव्या शतकातील संत चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. ते मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मध्ये सहा शतके लोटली! 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु मनातील भेद अद्याप पुरता गेलेला नाही.

असे का व्हावे? जो बदल सुख देतो आणि मोबदल्यात केवळ पैसा मागतो, त्याचे आपण दारी तोरण बांधून स्वागत करतो. जो आपला अहंकार मागतो, त्याला उंबरठ्यावरच तिष्ठत ठेवतो. तात्पर्य, परिवर्तनाचा वेग बराचसा आपल्याच हाती असतो. ‘काळ झपाट्याने बदलतो आहे, आपण काय करणार?’ हे म्हणणे म्हणूनच सोयीचे आहे, खरे नाही.

2028 साली क्षिप्रातीरी सिंहस्थ भरेल. तोवर रस्ते रुंद होतील, घाट वाढतील. पौरोहित्य करणाऱ्या आम्हा घराण्यांनी व समस्त भाविकांनी त्याबरोबरच स्वतःस विचारावे, की प्रसादाच्या पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे न पाहता जेवण्याइतके आपले मन तोवर रुंद होईल काय?