कोणाच्या गाडीवर आपलं नाव?

सोलापुरात गाड्यांच्या सामानाचं दुकान, गॅरेज, डेंटिंग-पेंटिंगचं शेड किंवा सीट कव्हरचा धंदा चालवणाऱ्याकडे वर्गणी मागणारे पूर्वीपासून येतात. गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, त्या त्या वेळी मंडळाची पोरं येतात, मालक पावती फाडतो. आता त्यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. पंचविशीतला तरुण येतो, मोबाइलवर आपल्या गाडीचे व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, "काका, मला स्पॉन्सर करा. तुमच्या दुकानाचं नाव बोनेटवर लावतो, रीलमध्येही घेतो."

बहुतेक मालक दोनच गोष्टी करतात. एक तर "सध्या नको रे" म्हणून त्याला वाटेला लावतात, नाहीतर वर्गणी समजून चार पैसे हातावर ठेवतात. मला दोन्ही चुकीचं वाटतं. वर्गणी हा शेजारधर्म आहे. ती दिली की आपलं काम संपलं, मंडळाने पुढे मिरवणूक कशी काढली याचा जाब कोणी दुकानदाराला विचारत नाही. स्पॉन्सरशिपमध्ये आपण आपलं नाव दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि तो ते वर्षभर गावातून फिरवतो. सोलापूरला नावाची किंमत वेगळी सांगायला नको. 'सोलापुरी' म्हणून भलतीकडची चादर विकली गेली की इथल्या यंत्रमागवाल्याच्या पोटावर पाय येतो. भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं ते त्यासाठीच. मग स्वतःच्या दुकानाचं नाव देताना इतका निष्काळजीपणा का करायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे. गाडीवेड्याला पैसे देताना आपण त्याच्या गाडीला, तिच्या रंगाला, वेगाला किंवा त्याच्या फॉलोअर्सना पैसे देत नसतो. त्याच्या शब्दाला चार लोकांत जे वजन आहे, त्याच्या शेजारी आपल्याला थोडी जागा मिळत असते. म्हणून निवडताना आधी बघायचं ते हे, की त्याचा शब्द कोण ऐकतं आणि का ऐकतं.

शब्दाला वजन असलेला माणूस कसा ओळखायचा? तो जुनी गाडी बघायला जातो तेव्हा त्याच्या मागे उभं राहा. प्रत्येक पेठेत असा एखादा असतोच. कोणी सेकंडहँड गाडी घ्यायला निघालं की घरचे म्हणतात, "त्याला घेऊन जा." तो आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, काही बोलत नाही. मग दाराच्या चौकटीवरचं रबर बीडिंग ओढून आतले स्पॉट वेल्डचे ठसे सारख्या अंतरावर आहेत का ते बघतो. पत्रा कापून जोडलेला असेल तर ते ठसे बिघडलेले असतात. बोनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का हे वाकून पाहतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडतो आणि धूर किती येतो ते बघत थांबतो. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवतो. चारी काचांवरचं साल वाचतो, एखादी काच नंतरची निघाली तर ती का बदलली हे विकणाऱ्याला विचारतो. आणि शेवटी घेणाऱ्याला बाजूला घेऊन सांगतो, "ही सोड, पुढच्या आठवड्यात दुसरी बघू." घेणारा ती गाडी सोडतो. यालाच मी वजन म्हणतो. या माणसाचं इन्स्टाग्रामवर खातंही नसेल कदाचित, पण तो वर्षात जितक्या लोकांना कुठल्या गॅरेजला जा, कुठलं ऑइल घाल हे सांगतो, त्यातला जवळजवळ प्रत्येक जण ते ऐकतो.

अशी माणसं आपण गाडीवेडी म्हणून मोजतच नाही, ही खरी अडचण आहे. बारा वर्षांची गाडी नव्यासारखी ठेवणारी शिक्षिका, सुट्टी मिळाली की जीप घेऊन घाटात जाणारा डॉक्टर, तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूरच्या भाड्यांवर एर्टिगा चालवून तिच्या प्रत्येक आवाजाची पारख झालेला ड्रायव्हर, हे सगळे गाडीवेडेच आहेत. गाडीला मोठा स्पॉयलर लावलेला तेवढाच गाडीवेडा, अशी समजूत आपण करून घेतली आहे.

आता 'कोण ऐकतं' याचा विचार करू. तुमच्या गॅरेजला गिऱ्हाईक कुठून येतं? शहरातून, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून, फार तर पलीकडे इंडी-विजयपूरहून. एखाद्याचे व्हिडिओ लाखभर लोक बघत असतील, पण ते लखनौ, इंदूर आणि गुवाहाटीत बसले असतील, तर त्यातला एकही माणूस होटगी रोडवर ऑइल बदलायला येणार नाही. देशभर टायर विकणाऱ्या एमआरएफ किंवा जेके टायरने देशभर दिसणाऱ्या रेसरला पाठबळ देणं बरोबर आहे. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा त्याच्यामागे टाटांचं नाव होतं. टाटांचं गिऱ्हाईक सगळीकडे आहे, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा. आपल्या दुकानाचा पल्ला जेवढा, तेवढ्याच पल्ल्यात ज्याचा शब्द चालतो तो माणूस आपल्या कामाचा. सोलापुरात त्याला आणखी एक बाजू आहे. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर गेला आणि गाडी तापायला लागली, की कूलंटमध्ये नुसतं नळाचं पाणी का घालू नये हे जो कन्नड किंवा तेलुगूतही समजावून सांगू शकतो, तो मला हजारो फॉलोअर्सवाल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

उलट बाजूचं उदाहरणही याच शहरात आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तिचं गिऱ्हाईक म्हणजे मोटार कारखाने, नवी पेठेतून जाणारा गाडीवाला नाही. तिचं नाव सोलापूरकरांना 'प्रिसिजन गप्पा'सारख्या सांस्कृतिक कार्यक्रमातून माहीत आहे. मला ही निवड शहाणपणाची वाटते. ज्यांच्याशी आपलं नातं शहरवासी म्हणून आहे, त्यांच्यासमोर शहरवासी म्हणून उभं राहायचं. गाड्यांशी संबंध आहे एवढ्यावरून गाडीवेड्यालाच धरावं असं काही नाही, हेही छोट्या व्यावसायिकाने ध्यानात ठेवावं.

'का ऐकतं' हा प्रश्न जास्त खोल आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्राने गाड्यांच्या कितीतरी आधी कुस्तीत दिलं आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण मला त्यातली पारखही महत्त्वाची वाटते. खाशाबा खर्डेकरांच्या कॉलेजचे विद्यार्थी होते. कोणाच्या शिफारशीवरून किंवा पेपरातल्या फोटोवरून त्यांनी घर गहाण टाकलं नव्हतं. मुलगा रोजच्या वागण्यात कसा आहे, हरल्यावर काय करतो, हे त्यांना जवळून ठाऊक होतं. ज्याला आपण जवळून पाहिलं आहे त्याच्यावरच पैसा लावायचा, हा नियम लहान दुकानदाराला सहज पाळता येतो. मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागाला मात्र तो कितीही पैसे ओतून पाळता येत नाही.

दुकानात बसून बरंच दिसतं. हा पोरगा काम झाल्यावर पैसे वेळेवर देतो का? मिस्त्रीशी अरे-तुरे करतो का? पार्ट बदलायला सांगितला तर का म्हणून विचारतो, की स्वस्तातला डुप्लिकेट मागतो? त्याच्या सांगण्यावरून आधी कोणी गिऱ्हाईक आलं आहे का? पैसे न घेता ज्याने चार लोक पाठवले, तो पैसे घेऊनही पाठवेल. ज्याने आजवर एकालाही पाठवलं नाही, तो स्टिकर लावल्यावर अचानक पाठवू लागेल, या आशेवर राहू नका.

आणि तो रस्त्यावर कसा चालवतो? इथे मी जरा कडक बोलणार आहे. रात्री पुणे हायवेवर दोन गाड्यांची शर्यत लावणारा, सायलेन्सर कापून रुग्णालयासमोरून दणदणाट करत जाणारा तरुण कितीही लोकप्रिय असला तरी त्याला एक रुपयाही देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. काचांवर काळी फिल्म चिकटवण्याला तर न्यायालयाने 2012 मध्येच मनाई केली. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट. उद्या त्या गाडीखाली कोणाचं लेकरू आलं, तर फोटोत बंपरवर तुमच्या दुकानाचं नाव दिसेल. मग तुम्ही "मी फक्त स्टिकर दिला होता" म्हणून काय उपयोग?

वेगाची खरी हौस असेल तर तिला जागा आहे. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, कोईम्बतूर आणि चेन्नईला मोठे ट्रॅक आहेत, आणि मोटारस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाचं लायसन्स काढून रीतसर स्पर्धेत उतरता येतं. पुण्याचे संजय टकले याच वाटेने रॅलीत पुढे गेले आणि 2025 च्या डाकार क्लासिकपर्यंत पोहोचले. तुमच्याकडे येणारा तरुण ट्रॅकवर जायला मदत मागत असेल, तर त्याला बसवून घ्या, चहा द्या, नीट ऐका.

माझ्या मते छोट्या व्यावसायिकाने सर्वांत आधी ज्यांच्याकडे बघावं, ते इंजिनीअरिंग कॉलेजातले मुलांचे संघ. 'बाहा एसएईइंडिया' ही स्पर्धा 2007 पासून होते. त्यात विद्यार्थी खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः आखतात आणि स्वतः बांधतात. तिच्या कसोट्यांतली शेवटची म्हणजे कित्येक तास सलग गाडी पळवण्याची. या पोरांना रोख रकमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टी लागतात: पाइप वाकवून मिळणं, टिग वेल्डिंग, लेझर कटिंग, पावडर कोटिंग, दोन बेअरिंग, आणि रात्री नऊनंतर शेडची किल्ली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपला हे सगळं देणं शक्य आहे. जॉइंट तुटला की पोरं परत येतील, तुमचा वेल्डर त्यांना इलेक्ट्रोड धरायला शिकवेल. महिनाभरात कोण मन लावून काम करतं आणि कोण फोटोपुरतं येतं, हे तुम्हाला आपोआप कळेल. चार वर्षांनी त्यातला एखादा चाकणच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून बसलेला असेल आणि त्याला तुमच्या शेडचं काम ठाऊक असेल. पॅनेलवर छापलेल्या लोगोपेक्षा मी ही ओळख मोठी धरतो.

वस्तू आणि काम द्यायचं, रोख कमीत कमी द्यायची, हे इतरांनाही लागू आहे. जुन्या जीपवाल्या डॉक्टरला वर्षभराची सर्व्हिसिंग द्या, टॅक्सीवाल्याला ऑइल आणि फिल्टर द्या. तो तुमचंच काम रोज वापरेल, त्यामुळे बोलेल ते खरं बोलेल. सुरुवात तीन महिन्यांची करा आणि एका कागदावर लिहून ठेवा: काय देणार, काय अपेक्षा, कोणत्या वागण्यावर हे थांबेल. आणि नवीन गिऱ्हाईक आलं की "कोणी पाठवलं?" हा प्रश्न विचारून वहीत नाव लिहा. स्टिकरचा उपयोग झाला की नाही, हे ती वही सांगेल.

एका बाबतीत मात्र मालकांना मन मोठं करावं लागेल. पैसे दिले म्हणून त्याचं तोंड बांधू नका. तुमच्याकडचे एका कंपनीचे ब्रेक पॅड आवाज करतात असं त्याला वाटत असेल, तर ते त्याला सांगू द्या, आधी तुम्हाला आणि मग लोकांना. त्याने खोटी स्तुती सुरू केली की त्याच्या शब्दाचं वजन पहिल्याच महिन्यात उतरतं, आणि तुम्ही मोजलेले पैसे त्या वजनासाठीच होते. कायदाही याच बाजूने आहे. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन मालाची भलामण करणाऱ्याने ते उघड सांगितलं पाहिजे, अशी ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी 2023 पासूनची मार्गदर्शक सूचना आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तोही जाहिरात करणाऱ्याला आणि भलामण करणाऱ्याला, दोघांनाही. तेव्हा "या गॅरेजने मला सर्व्हिसिंग फुकट दिली आहे" हे वाक्य त्याने व्हिडिओच्या सुरुवातीलाच बोलावं, असा आग्रह तुम्हीच धरा.

दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून रस्त्यावर येतील आणि तुमच्याकडे गर्दी होईल. त्याआधी एका संध्याकाळी मागच्या वर्षभराची बिलबुकं काढून बसा. कोणाच्या सांगण्यावरून कोण आलं, ते मिस्त्रीला सोबत घेऊन आठवा. एक-दोन नावं पुन्हा पुन्हा येतील. त्यांनी तुमच्याकडे कधी काही मागितलेलं नसेल. त्यांना तुम्ही स्वतः फोन करा.