दुसरा चेंडू

बोलिंग म्हटले की आपल्या मराठी मनाला आधी क्रिकेट आठवते. पण इथे अमेरिकेत माझी मंगळवारची संध्याकाळ ज्या बोलिंगमध्ये जाते, तिथे ना फलंदाज, ना पंच. साठ फूट लांबीची गुळगुळीत वाट, तिच्या टोकाशी त्रिकोणात उभ्या दहा पिना, आणि हातात जडशीळ चेंडू. तो घरंगळत सोडायचा नि पिना पाडायच्या. पोटापाण्याशी संबंध नाही, नावलौकिकाशी तर नाहीच नाही!

तरीही गेले तीन महिने या खेळापायी मी खिन्न होतो. माझी सरासरी 150 वरून 120 वर घसरली. एका मंगळवारी घरी येऊन बूट कोपऱ्यात भिरकावले आणि जाहीर केले, "आता पुरे! करमणुकीसाठी दुःख कोण विकत घेतो?"

पत्नी हसून म्हणाली, "अहो, तुम्हांला आवडत होते ते खेळणे, की तो आकडा?"

या साध्या प्रश्नाने माझी झोप उडवली. नोकरीत मन रमले नाही तरी पगार बांधून ठेवतो. संसारात कर्तव्य असते. छंदाला मात्र कसलीच दोरी नाही. म्हणूनच पडत्या काळात खरी परीक्षा होते ती छंदाची. यश असते तोवर आपले प्रेम खेळावर आहे की कौतुकावर, हे कळतच नाही. बेसनाच्या लाडवातली साखर का कधी वेगळी काढता येते?

मग मी खेळाकडेच नीट पाहू लागलो. त्या वाटेवर तेलाचा पातळ थर असतो. तो सहसा डोळ्यांना दिसत नाही, आणि खेळ चालला की चेंडूंनी पुसत, सरकत जातो. तासापूर्वीची अचूक फेक आता चुकते, ती कधी कधी त्यामुळेही. म्हणजे सारा दोष हाताचाच नसतो! शिवाय प्रत्येक फेरीत दुसरा चेंडू असतोच. पहिल्याने सगळ्या पिना पाडणे म्हणजे स्ट्राइक. उरलेल्या दुसऱ्याने पाडणे म्हणजे स्पेअर. बाराही स्ट्राइक घेणाऱ्याचे 300 गुण होतात, हे खरे. पण एकही स्ट्राइक न घेता, दर वेळी नऊ पाडून उरलेली एक नेमाने टिपणाऱ्याचेही 190 होतात! मी मात्र पहिला चेंडू चुकला की चिडून दुसरा कसाबसा फेकत होतो. आपण आयुष्यातही असेच नाही का करीत?

पुढच्या मंगळवारी मी केवळ दुसऱ्या चेंडूकडे लक्ष दिले. गुण झाले 118. पण कोपऱ्यातली एकटी पिन चार वेळा पाडली, आणि घरी येऊन बूट जागेवर ठेवले.

खेळ कधीतरी सोडावा लागेलच. पण तो एखाद्या चांगल्या संध्याकाळी सोडीन. रागाच्या भरात घेतलेल्या निरोपाला निरोप कशाला म्हणायचे? तो तर रुसवा!