उतारू, भाडे आणि ‘फेअर’

मांडव्याच्या जेटीवर गेटवेहून आलेली बोट लागते. तिच्यातून उतरतो तो ‘उतारू’. बाहेर रिक्षा उभ्या असतात. तेथे पोहोचताच तोच माणूस ‘भाडं’ होतो. माणसाला त्याच्याकडून मिळावयाच्या पैशाच्या नावाने ओळखण्यात नैतिक दोष आहे काय, हा प्रश्न एवढ्याशा अंतरात उभा राहतो.

इंग्रजीतील ‘फेअर’ असाच वागतो. त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ जाणे, प्रवास करणे. ‘फेअरवेल’, ‘वेलफेअर’ यांत तो अद्याप जिवंत आहे. ‘फेरी’ त्याच कुळातला, आणि संस्कृतातील ‘पार’ दूरचा सगोत्र. आधी प्रवास, मग प्रवासाचे मोल, पुढे मोल देणारा माणूस, असा त्याचा अर्थविस्तार झाला. (न्याय्य या अर्थाचा ‘फेअर’ निराळ्या मुळाचा आहे. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, एवढ्यावरून भाडे न्याय्य ठरत नाही.)

काव्यशास्त्र याला लक्षणा म्हणेल. मम्मटाच्या मते मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन असल्यास लक्षणा प्रवर्तते. ‘भाडं’ येथे रूढीने येते. रिक्षावाल्याला कोणाला कमी लेखावयाचे नसते. त्याला दोषी धरणे हा पंडिती उतावळेपणा होईल. तरीही एक भेद उरतो. ‘फेअर’ पैशाच्या खाली खणत गेल्यास प्रवास लागतो. ‘भाडे’ ‘भाटक’पासून आलेले, तेथे तळाशीही मोलच आहे. ‘उतारू’त पैसा मुळातच नाही. ‘उत्’ आणि ‘तृ’ यांतून झालेल्या ‘उतरणे’चा तो कर्ता: पाणी ओलांडून वर येणारा.

मात्र शब्द निर्मळ असला की व्यवहार निर्मळ होतो, असे नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तरीचे दर आहेत. गाडीला एक पण. पशू आणि स्त्री यांना एकच दर, पाव पण. ओझे नसलेल्या पुरुषाला त्याच्या निम्मा. गर्भवती, संन्यासी, ब्रह्मचारी यांना माफी. माणसाला ‘भाडे’ न म्हणताही त्याची प्रतवारी लावता येते, याचा हा नमुना. त्याच ठिकाणी नावाड्यांच्या चुकीने झालेली हानी नावाड्यांनी भरून द्यावी, असेही सांगितले आहे. ही जबाबदारी दरपत्रकापेक्षा मोलाची. हे दर नदीपुरते. समुद्रासाठी स्मृतिकार ठराविक नियम सांगत नाही.

मांडव्याला मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट येते. तीत मोटारीचे भाडे वेगळे, माणसाचे वेगळे. मोटारीला अद्याप कोणी उतारू म्हणत नाही.