टायर सगळ्यांना सारखाच

मोटार शर्यतीच्या एका गाडीवर कोट्यवधी रुपये ओतलेले असतात, तिच्यामागे शेकडो अभियंते वर्षभर राबलेले असतात, आणि तरीही त्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग फार तर वहीच्या पानाएवढा. इंजिनाचा जोर, ब्रेकचा दाब, वळणावरची पकड, जे काही घडायचे ते तेवढ्याशा रबरावर. ‘गाडी चांगली होती, टायरने दगा दिला’ असे शर्यतीनंतर हमखास ऐकू येते. मला ते पटत नाही. टायर वगळून चांगली ठरणारी गाडी कुठेच नसते.

अमळनेरात बसून फॉर्म्युला वनवर कशाला लिहायचे, असे कुणी विचारील. एक कारण असे की या खेळातला टायरचा प्रश्न मुळात न्यायाचा प्रश्न आहे. सगळ्यांना एकच नियम आणि एकच साधन दिले की स्पर्धा न्याय्य झाली, असे आपण सहज धरून चालतो. ज्या गावात १९१६ साली प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले, त्या गावात हे गृहीतक तपासून पाहायला हरकत नसावी. दुसरे कारण कापसाचे आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी रबराचे गणित. शर्यतीचा टायर थंड असताना कामाचा नसतो. साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे रबर हवे तसे मऊ होते, रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात शिरते आणि धरून ठेवते. त्या पट्ट्याच्या खाली राहिला तर गाडी घसरते आणि घसरता घसरता रबराचे कण सुटून पृष्ठभागावरच चिकटतात. पट्ट्याच्या वर गेला तर रबर आतून उकळल्यासारखे होऊन फोड येतात. मऊ टायर लवकर तापतो, जोरात पळवतो आणि लवकर संपतो. कडक टायर टिकतो, पण त्याच्याकडून वेग मिळवायला मेहनत पडते. म्हणजे निवड दोन टायरांमधली दिसली तरी खरी निवड असते ती वेग आधी घ्यायचा की नंतर याची. आणि हे सगळे गाडीगाडीगणिक बदलते. वजन कुठे आहे, चाक किती कलते आहे, हवा किती भरली आहे, चालक स्टीअरिंग हळू वळवतो की झटक्याने, यावर तोच टायर एका गाडीखाली चाळीस फेऱ्या काढतो आणि दुसरीखाली वीस फेऱ्यांत मान टाकतो.

आता एका संघाची गोष्ट. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला एका छोट्या संघाचा कारखाना होता. २००५ मध्ये त्याचे नाव जॉर्डन होते आणि त्याची पिवळी गाडी नारायण कार्तिकेयन चालवत होता, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्या काळी ब्रिजस्टोन आणि मिशेलिन अशा दोन कंपन्या टायर पुरवत. त्या वर्षी नियम आला की शर्यतीत टायर बदलायचा नाही. एकाच संचावर शेवटपर्यंत जायचे. आदल्या वर्षी १८ पैकी १५ शर्यती जिंकणारी फेरारी या एका नियमाने जमिनीवर आली, कारण तिचे ब्रिजस्टोन टायर त्या अंतराला पुरेनात. चालक मायकल शूमाकर तोच होता, पैसाही तोच होता.

मग १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसला उलटेच घडले. तिथल्या उतरत्या, तिरप्या वळणावर शुक्रवारी राल्फ शूमाकरचा मिशेलिन टायर फुटला. आमचे टायर त्या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील याची खात्री देता येत नाही, असे मिशेलिनने सांगून टाकले. वळणाचा वेग कमी करायला तिथे अडथळा घाला, अशी मागणी झाली. ती फेटाळली गेली. रविवारी वीसही गाड्या रांगेत निघाल्या आणि एका फेरीनंतर मिशेलिनवाल्या चौदा गाड्या आत वळल्या. मैदानात उरल्या सहा, सगळ्या ब्रिजस्टोनच्या. कार्तिकेयन चौथा आला. भारतीयाने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले ते पहिले गुण. ते फुकटचे होते असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या टायरमुळे तो संघ वर्षभर मागे पडत होता, त्याच टायरने त्याला त्या दिवशी पूर्ण अंतर पळू दिले.

२००७ पासून टायरची स्पर्धाच बंद झाली. एकच कंपनी सगळ्यांना पुरवठा करू लागली, आधी ब्रिजस्टोन आणि २०११ पासून पिरेली. कोरड्या शर्यतीत दोन प्रकारचे टायर वापरणे सक्तीचे झाले. टायर सगळ्यांना सारखाच, त्यामुळे आता फरक पडेल तो गाडीचा आणि माणसाचा, असा हिशेब होता. पण टायर गोदामातून बाहेर पडेपर्यंतच सारखा असतो. गाडीखाली गेला की तो कुणाला धार्जिणा आणि कुणाला मारक ठरणार, हे तो ज्या मापाचा आणि ज्या बांधणीचा केला त्यानेच बरेचसे ठरलेले असते.

सिल्व्हरस्टोनचा तो संघ दोनदा हात बदलून २००८ पासून भारतीय मालकीचा आणि भारतीय परवान्याचा झाला: फोर्स इंडिया. २०१३ च्या हंगामात पिरेलीने पोलादी पट्टा असलेला, मुद्दाम लवकर झिजणारा टायर आणला. फोर्स इंडिया, लोटस आणि फेरारी यांच्या गाड्या टायरला हळुवार होत्या. रेड बुल आणि मर्सिडीज ते कुरतडत होत्या. फोर्स इंडियाचा पॉल डी रेस्टा बहरीनला चौथा आला, एड्रियन सुटिल मोनाकोला पाचवा. पहिल्या आठ शर्यतींत फोर्स इंडियाचे ५९ गुण झाले आणि मॅक्लारेनसारखा श्रीमंत, जुना संघ तिच्या मागे राहिला. रेड बुलने टायरविरुद्ध उघड मोहीम चालवली होती. पण हंगामाच्या मधोमध टायर बदलायचा तर सगळ्या संघांची संमती हवी, अपवाद फक्त सुरक्षेचा. ज्यांनी हा टायर ओळखून गाडी बांधली होती, ते संमती का देतील?

३० जून रोजी सिल्व्हरस्टोनलाच, म्हणजे फोर्स इंडियाच्या दारात, हॅमिल्टन, मासा आणि व्हर्न यांचे मागचे डावे टायर एकामागून एक फुटले. शेवटी पेरेझचाही फुटला. त्या वेगाला उडालेले पोलादी पट्ट्याचे तुकडे मागच्या चालकाच्या डोक्यात बसू शकले असते. बदल करणे भागच होते, यात मला शंका नाही. पिरेलीने कारणे सांगितली ती मात्र नीट वाचण्यासारखी आहेत: संघ डावे-उजवे टायर आलटून पालटून उलटे बसवत होते, सांगितल्यापेक्षा कमी हवा भरत होते, चाके टोकाची कलवत होते, आणि ट्रॅकच्या कडांची धारही होती. दोष टायरचा होता, आणि टायर मर्यादेपलीकडे ताणण्याचाही होता. उपाय म्हणून हंगेरीपासून २०१२ ची जुनी बांधणी परत आली.

पुढचे आकडे सगळे सांगतात. पहिल्या दहा शर्यतींपैकी चार जिंकलेल्या रेड बुलच्या वेटेलने उरलेल्या नवांपैकी नऊ जिंकल्या. फोर्स इंडियाला जर्मनी आणि हंगेरीत एकही गुण मिळाला नाही. हंगाम संपला तेव्हा त्यांचे ७७ गुण होते, मॅक्लारेनचे १२२. हे सारे टायरनेच केले असा दावा कुणी करू नये; मॅक्लारेनने गाडी सुधारली होती आणि रेड बुल तशीही बलाढ्य होती. पण छोट्या संघाकडे एकच भांडवल होते, दिलेल्या नियमाचा नीट केलेला अभ्यास, आणि ते त्या महिन्यात बाद झाले. त्याची भरपाई कुणी दिली नाही, आणि द्यायला हवी असे फारसे कुणी म्हटलेही नाही.

इथे मला खानदेशातला २०१२ चा मार्च आठवतो. ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. आमच्याकडच्या ज्या शेतकऱ्यांनी बाजाराचा अंदाज घेऊन, भाव वाढेल म्हणून कापूस घरात राखून ठेवला होता, त्यांचा अंदाज चुकला नव्हता. हंगामाच्या मधोमध नियम बदलला. आठवड्याभरात बंदी सैल करावी लागली, तोवर भाव पडायचा तो पडला. टायरच्या बदलामागे जिवाचा प्रश्न होता, कापसाच्या बंदीमागे तसला काही नव्हता. पण दोन्हीकडे एक गोष्ट तीच. नियम सगळ्यांना सारखा बदलतो, फटका सारखा बसत नाही. मोठ्याकडे दुसरा डाव मांडायला पैसा असतो, छोट्याचा सगळा डाव पहिल्या नियमावर लागलेला असतो. मधल्या बदलाचे समर्थन करणाऱ्याने हा फरक आधी मोजला पाहिजे.

पुन्हा २०१३ च्या हंगामाकडे. त्या वर्षी २७ ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली आजवरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत झाली. टायरची निवड काय करू शकते याचा तो वस्तुपाठ होता. वेटेल मऊ टायरवर सुटला, पहिल्या फेरीतच अंतर काढले आणि दुसऱ्या फेरीला आत येऊन मध्यम टायर चढवला. मऊ टायरची सक्ती त्याने जवळजवळ न वापरताच उरकली. सतराव्या जागेवरून निघालेल्या लोटसच्या ग्रोजाँने एकाच थांब्यात शर्यत काढली आणि तिसरा आला. घरच्या मैदानावर फोर्स इंडियाच्या दोन्ही गाड्या आठव्या आणि नवव्या आल्या. पडलेल्या संघासाठी ते लहान यश नव्हते. हा संघ पुन्हा टायर शिकला. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याने थेट चौथे स्थान मिळवले, आणि टायर जपून लांब पळवणाऱ्या पेरेझचा त्यात मोठा वाटा होता. २०१८ मध्ये पैशाअभावी मालकी गेली, कौशल्याअभावी नव्हे.

टायर शिकणे म्हणजे काय, हे पाहायला नोएडाला जावे लागत नाही. आमच्या धुळे रस्त्यावर टायरचे काम करणारे एक गृहस्थ आहेत. गाडी आली की ते आधी गेज लावत नाहीत. उकिडवे बसतात आणि तळहात टायरच्या नक्षीवरून आतून बाहेर फिरवतात, मग बाहेरून आत. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने अडकला, की चाकांची दिशा तिरकी आहे. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड गेली तर चाक कललेले. ‘टायरच सांगस, भाऊ,’ एवढेच ते म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांना ते कमी हवेवर निघू देत नाहीत, कारण कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. एकाच कंपनीचे टायर एकाच दिवशी बसवलेल्या दोन गाड्या सहा महिन्यांनी त्यांच्याकडे आल्या, तर दोन्ही टायर दोन वेगळे इतिहास सांगतात. पिरेलीचा अभियंता याहून निराळे काही करत नाही, त्याच्याकडे मोजायची साधने अधिक असतात इतकेच.

महाराष्ट्रात या ज्ञानाला आता जागा तयार होत आहे. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कार्टला सस्पेन्शन नसते, डिफरन्शियल नसते. हवेचा दाब थोडा इकडेतिकडे करणे हेच तिथले मोठे हत्यार, त्यामुळे कार्टवर वाढलेले मूल टायर लवकर समजते. फॉर्म्युला भारत आणि बाहा यांसारख्या स्पर्धांत तर अभियांत्रिकीचे विद्यार्थी गाडीच स्वतः बांधतात.

जळगाव, धुळे, शिरपूरच्या महाविद्यालयांतून अशी गाडी बांधू पाहणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. पहिला पैसा इंजिनावर घालू नका. टायर आधी ठरवा आणि गाडी त्याच्याभोवती बांधा. प्रत्येक सरावानंतर गाडी थांबताच चारही टायरांचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा, हवेच्या दाबासह वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या संघाच्या हाती द्या.