राग कोणाचा?

माणूस रागावतो तो स्वभावाने, की मेंदूतल्या रसायनांमुळे? फराळाच्या ताटाशी हा प्रश्न जड वाटेल. पण माझ्या वर्गात तो रोज उभा राहतो. उजनीच्या काठी ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागून आलेली मुले शाळेत बसतात. कुणी भेदरलेले, कुणी एका शब्दावर हात उगारणारे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य याच कोड्यामागे आहेत. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. उंदराची तान्ही पिले रोज काही तास आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणीही ती अधिक भित्री राहतात. सेरोटोनिन या रसायनाचे निरोप झेलण्याची मेंदूची रीतच बदलते.

मग मुलाला जाब विचारायचाच नाही काय? १९८० साली उजनी धरण पुरे झाले. पाण्याखाली गेलेले पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून वर येते. बालपणीचा ताणही असाच तळाशी असतो. तरी उगारलेला हात आवरायला शिकवलेच पाहिजे. मात्र मेंदू परिस्थितीने घडत असेल, तर त्या परिस्थितीत आपणही आलोच. जाब विचारणाऱ्याचा आवाजसुद्धा त्या मेंदूत उतरत असतो.